डोळे मिटून भांडण

आमच्या घरात भांडायला मनाई नाही, फक्त पद्धत ठरलेली आहे. दिवसभरात काही खुपलं तर संध्याकाळपर्यंत कळ काढायची. दिवेलागण झाली की हातपाय धुवायचे, चटईवर येऊन बसायचं, डोळे मिटायचे, आणि मग जे काय असेल ते देवाला सांगायचं. ज्याच्याबद्दल सांगायचं तो माणूस शेजारीच मांडी घालून बसलेला असतो, हा भाग वेगळा.

लग्न होऊन मी उमरखेडहून आर्णीला आले तेव्हा यातलं काही मला कुणी सांगितलं नव्हतं. माहेरीही आम्ही ख्रिस्तीच, पण आमच्याकडे प्रार्थनेचं खातं एकट्या वडिलांकडे होतं. ते सगळ्यांच्या वतीने सगळं मागून घ्यायचे. आम्ही भावंडं एक डोळा किलकिला ठेवून एकमेकांना चिमटे काढायचो, शेवटी जोरात आमेन म्हणायचो आणि ताटांकडे धावायचो. सासरी बघते तर प्रत्येकाने तोंड उघडायचं. सगळ्यांत लहान त्याने आधी, मग वयाप्रमाणे एकेक, आणि शेवटी सासूबाई. एकाची प्रार्थना चालू असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. आमेन झाल्यावर त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, कारण तो विषय आता देवाच्या हाती गेला. हे सगळे नियम सासूबाईंचे. त्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होत्या, निवृत्त झाल्यावर शिस्त घरी घेऊन आल्या.

माझी पहिली संध्याकाळ मला लख्ख आठवते. अंगावर हळदीचा वास, पदर सावरत मी चटईच्या टोकाला बसलेली. शेवटी सासूबाईंची पाळी आली, आणि त्यांनी सुरुवात केली ती थेट बायबलातल्या मराठीत, हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकारस्तवन करितो वगैरे. मी मनात म्हटलं, काय वजनदार बाई आहे. पण दोनचार वाक्यांत त्यांची गाडी पित्यावरून बापावर आली आणि बापावरून आर्णीच्या बोलीवर.

"आन् बापा, या घरात नवीन मानूस आलं हाये. पोरगी चांगली हाये, मी नाई म्हनत नाई. पन पोयी टाकाच्या आधी तवा तापू द्याव लागते, येवढी बुद्धी तिले तू दे."

माझे डोळे खाडकन उघडले. नवऱ्याने डोळे न उघडताच मला कोपराने ढोसलं. म्हणजे त्याला माहीत होतं की माझे उघडले असणार.

लेकी बोले सुने लागे ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. इथे लेकीच्या जागी खुद्द परमेश्वर होता. आणि उत्तर द्यायची सोय नाही, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच मुक्कामाला असतो. मी घरी शिवणकाम करते, तेव्हाही करायचे, आणि दुसऱ्या दिवशी मी मशीन असं काही दामटलं की शेजारणीच्या ब्लाउजची एक बाही उलटी लागली. ती बिचारी घालून बघून म्हणाली, "वयनी, हा हात मांगं गेला का माहा?"

शेवटी मी ठरवलं की आपल्यालाही देव आहे. संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "प्रभू, तवा तापलेला होता. तू साक्षी आहेस. आमेन."

नवऱ्याच्या घशातून ठसका लागल्यासारखा आवाज आला. मग सासूबाईंची पाळी. त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "बापा, काही लोक तुले तव्याच्या साक्षीले बलावतात. तू मनावर नोको घेऊ. तुले दुसरे लय कामं हायेत."

मला हसू फुटलं. प्रार्थनेत आलेलं हसू फार वाईट, ते ओठांत दाबलं की पोटात उतरतं आणि पोट गदागदा हलायला लागतं. मी पदर तोंडात कोंबला. शेजारी सासूबाईंचा खांदाही हलत होता. त्या सासरी मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा, आणि त्या दिवसापासून मला तिथे बरं वाटायला लागलं.

पण त्या मेट्रन होत्या. हे असे सवालजवाब चालू राहिले तर देवाचं न्यायालय होईल हे त्यांनी ओळखलं आणि आणखी एक नियम काढला. मागण्याआधी उपकार. ज्या माणसाबद्दल गाऱ्हाणं सांगायचं त्याच माणसाबद्दल आधी देवाचे उपकार मानायचे, आणि तेही आजच्या दिवसातली एखादी गोष्ट धरून. कालची शिळी चालणार नाही.

हा नियम कागदावर गोड वाटतो. रागीट माणसाला तो किती महाग पडतो ते मला विचारा. एकदा मी मोठ्या हौसेने अंबाडीची भाजी केली, आणि यवतमाळच्या चर्चमधून आलेल्या पाळकसाहेबांसमोर सासूबाईंनी ती ताटात बाजूला सारून चटणीशी भाकर खाल्ली. मी दिवसभर आतल्या आत उकळत होते. संध्याकाळसाठी माझं भाषण तयार होतं, शब्द न् शब्द पाठ. पण आधी उपकार. मी डोळे मिटून सगळा दिवस धुंडाळला. काही सापडेना. सगळे माझी वाट बघत बसलेले. मग आठवलं, सकाळी मशीनवर बसले असताना माझी ओली साडी त्यांनी न सांगता वाळत घातली होती, आणि उन्हाने रंग जाऊ नये म्हणून उलटी करून घातली होती. मी म्हटलं, "आईंनी साडी उलटी वाळत घातली त्याबद्दल तुझे उपकार." एवढं म्हटलं आणि पुढचं भाषण निम्मं विसरले. उरलेलं निम्मं म्हणायला लाज वाटली.

क्षमा म्हणजे काय, हे संडे स्कूलमध्ये आम्हाला रंगीत चित्रं दाखवून शिकवलं होतं. उधळ्या मुलगा परत येतोय, बाप हात पसरून धावतोय. चित्र सुंदर होतं, पण मला त्यातून काही कळलं नव्हतं. ते मला कळलं एका उलट्या साडीवरून. आता हे पाळकसाहेबांना कसं सांगणार, म्हणून मी सांगितलं नाही.

तर अशी आमची रोजची संध्याकाळ. नवऱ्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करून द्यायचं दुकान आहे. त्याची प्रार्थना वर्षानुवर्षं एकच, एस. टी. स्टँडवरच्या घोषणेसारखी: "प्रभू, दिवस दिला, काम दिलं, भाकर दिली, तुझे उपकार. लाईट बरोबर येऊ दे. आमेन." पुढे मुलगी झाली, बोलायला लागली, आणि वयाने लहान म्हणून पहिली पाळी तिच्याकडे गेली. एकदा, शाळेत वीज शिकवल्याच्या सुमारास, तिने प्रार्थना संपल्यावर विचारलं, "पप्पा, लाईट बरोबर आली तर मोटारी जळणार कशा? मग दुकान कसं चालेल?" इतकी वर्षं आपण आपल्याच धंद्याविरुद्ध मागणं मागतोय हे नवऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. पण शेतकऱ्याची मोटार जळू दे असं तरी कोणत्या तोंडाने मागणार? दुसऱ्या दिवशी त्याने वाक्य बदललं. "लाईट तुझ्या इच्छेप्रमाणे येऊ दे." मी आणि मुलगी हसून हसून चटईवर आडव्या झालो. सासूबाई मात्र म्हणाल्या की हीच खरी प्रार्थना.

शेजारीण आमची नेमाची श्रोती. त्यांचं शेत आहे, कापूस आणि तूर. त्यांच्या घरी देव वेगळे, पूजा वेगळी, पण संध्याकाळी निवडायला काहीतरी सुपात घेऊन ती आमच्या दाराच्या पायरीवर येऊन बसते. मी एकदा म्हटलं, आत या. तर म्हणाली, "नाई, इथूनच बरं आयकू येते. आमच्या घरी भांडन झालं तं साऱ्या गल्लीले समजते. तुमच्या घरी पह्यले देवाले समजते, मंग मले."

आणि शनिवारी पुण्याहून धाकटे दीर. ते तिकडे कंपनीत आहेत. शनिवारी व्हिडिओ कॉलवर ते प्रार्थनेत बसतात, आणि लांबचे म्हणून त्यांची पाळी वय न बघता सासूबाईंच्या आधी. मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केलेला असतो आणि त्यात दिरांचं कपाळ दिसतं. नेटवर्क असं, की त्यांचं आमेन दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या मध्यात येऊन पडतं. सासूबाई एकदा गुडघेदुखी देवाला सांगत होत्या, "बापा, हे दुखनं अजून किती दिवस," आणि पुण्याहून खणखणीत आवाज आला, आमेन.

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत, अशाच एका शनिवारी, दिरांनी नवीनच मागणं मागितलं. त्यांनी मोठा फ्लॅट घेतला होता. इमारतीला लिफ्ट आहे, आईची खोली वेगळी आहे, जवळच्या चर्चमध्ये मराठी उपासना होते. "प्रभू, दादा-वहिनींनी इतकी वर्षं आईचं केलं. आता ती संधी आम्हाला दे. आईला आमच्याकडे यायची इच्छा दे. आमेन."

आमेन झालं, म्हणजे विषय देवाच्या हाती गेला. मी भाकरी थापायला गेले आणि पहिलीच भाकर फाटली.

मला त्या जायला नको होत्या. हे मला तिथे परातीसमोरच कळलं, आणि मला स्वतःचाच राग आला. ज्या बाईने तव्यापासून टाचणीपर्यंत माझ्या प्रत्येक गोष्टीची देवदरबारी तक्रार केली, ती जाणार म्हटल्यावर मी पेढे वाटायला हवे होते, सुंठीवाचून खोकला गेला म्हणून. इथे मी फाटलेली भाकर परत गोळा करून थापत बसले होते. पण बोलू कसं? त्यांचे गुडघे दुखतात. आमच्या घराला पायऱ्या, न्हाणीघर अंगणाच्या त्या टोकाला. पुण्यात लिफ्ट. मुलगा बोलावतोय. मी राहा म्हटलं आणि त्यांचं मन तिकडे असलं तर? सून आडवी आली असं व्हायला नको. दुसऱ्या दिवशी माझ्या पाळीला मी म्हटलं, "आईंच्या बाबतीत तुझी इच्छा होवो."

नवऱ्याच्या मनातही काहीतरी होतंच, मला दिसत होतं. पण त्याला वाटलं, आई काय माझ्या एकट्याची आहे? धाकट्याचाही हक्क आहे. तोही म्हणाला, "तुझी इच्छा होवो." पुढल्या संध्याकाळपासून मुलगीही आमचं ऐकून तेच म्हणायला लागली. आणि सासूबाई शेवटी, अगदी हळू, "तू नेशीन तिकडं जाईन, बापा."

पुढच्या शनिवारी पुण्याकडूनही तेच आलं, तुझी इच्छा होवो. अशी आम्ही सगळी आज्ञाधारक माणसं. कुणाचाच विरोध नाही म्हटल्यावर दिरांनी ती देवाची इच्छा समजून ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं.

मग सामान भरणं सुरू झालं. सासूबाई सकाळी बॅगेत साड्या घालायच्या आणि दुपारी हवा लागली पाहिजे म्हणून काढून दोरीवर टाकायच्या. चष्म्याचं घर आत जायचं आणि वाचायला पाहिजे म्हणून बाहेर यायचं. मी चिडून म्हटलं, "आई, एकदा काय ते भरून टाका." त्या म्हणाल्या, "तुले लय घाई झाली वं." आणि आम्ही दोघी दिवसभर एकमेकींशी बोललो नाही. संध्याकाळी दोघींनीही एकमेकींबद्दल तक्रार केली नाही. उपकारही मानले नाहीत. नुसती तुझी इच्छा, तुझी इच्छा. आमची प्रार्थना इतकी सभ्य कधीच झाली नव्हती.

शेजारीण पायरीवर बसून हे रोज ऐकत होती. एक दिवस तिचा धीर सुटला. मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते तेव्हा ती येऊन म्हणाली, "वयनी, मले तुमच्यातलं काई समजत नाई. पन तुमच्या देवानं आता कराव काय? तुम्ही सारेच म्हनून राह्यले, तुही मर्जी, तुही मर्जी. कोनाले काय पाह्यजे हे कोनी सांगूनच नाई राह्यलं. त्यानं का चिठ्ठ्या टाकाव?"

मी म्हटलं, "असंच मागायचं असतं आमच्यात."

"आजीबाईची बॅग रोज भरते आन् रोज खाली होते. मले तं दिसते. तुमचे साऱ्यायचे डोये मिटले असतात," असं म्हणून ती सूप घेऊन निघून गेली.

मला भयंकर राग आला. आमच्या प्रार्थनेत हिची लुडबुड कशाला? मी शेंगा अशा फोडायला लागले की तुरीचे दाणे अंगणभर उडाले. ते वेचता वेचता मला गेथशेमानेची बाग आठवली. दर गुड फ्रायडेच्या आधी आम्ही ते ऐकतो. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभू येशू त्या बागेत पालथा पडून प्रार्थना करतो, आणि शेवटी म्हणतो, माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. पण त्याच्या आधी काय म्हणतो? त्याच्या आधी तो सरळ सांगतो की हा दुःखाचा प्याला मला नको, टळत असेल तर टाळ. एकदा सांगून थांबत नाही, उठून जातो, परत येतो, पुन्हा तेच सांगतो. खुद्द देवाच्या मुलाने आधी स्वतःला काय हवं ते सांगितलं. आम्ही आर्णीच्या लोकांनी पहिलं वाक्य गाळून दुसरं तेवढं पाठ केलं होतं.

मला इतका आनंद झाला की मी ओंजळभर तुरीचे दाणे घेऊन तशीच उभी राहिले. मग आनंद ओसरला, कारण आता बोलावं लागणार होतं. आणि मी भित्री आहे. रागीट माणसं बहुतेक भित्रीच असतात. आज बोलू, उद्या बोलू करत शनिवार उजाडला. रविवारी यवतमाळच्या चर्चमधली उपासना झाली की तिथूनच त्यांची गाडी होती.

शनिवारी संध्याकाळी चटई अंथरली. मोबाईल डब्याला टेकवला, त्यात दिरांचं कपाळ आलं. पायरीवर शेजारीण होती, आज हातात सूप नव्हतं. सासूबाईंची बॅग दाराजवळ उभी होती, एकदाची भरलेली.

पहिली पाळी मुलीची. "प्रभू, आजीबद्दल तुझे उपकार. उद्यापासून मम्मीची सगळी भांडणं माझ्या एकटीच्या वाट्याला येणार आहेत. मला बळ दे. आमेन."

नवऱ्याच्या खांद्याची हालचाल मला जाणवली. मलाही हसू येत होतं, आणि त्याच्याच मागोमाग रडू येत होतं. मी डोळे घट्ट मिटले.

"प्रभू, आधी उपकार," मी म्हटलं. "आज सकाळी आईंनी माझा चहा गाळून झाकून ठेवला. त्यावर बशी न ठेवता ताटली ठेवली, कारण बशी सरकते असं त्यांचं म्हणणं आहे. त्याबद्दल उपकार. त्यांनी आज मला चार वेळा टोकलं, त्यातलं तीनदा त्यांचं बरोबर होतं, त्याबद्दल उपकार. चौथ्या वेळी माझं बरोबर होतं, ते तुला माहीत आहे. माझी आई गेल्यावर मला टोकणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. त्याबद्दल, म्हणजे ह्या आहेत त्याबद्दल, उपकार." इथे माझा आवाज फाटला. पुढचं मी प्रार्थनेच्या भाषेत घोकून ठेवलं होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच. "आता मागनं. तुही इच्छा काय हाये ते तू पाह्य. माही इच्छा तुले सांगतो. ह्या मले इथंच पाह्यजेत. मले ह्यायले नाई पाठवाचं कुठं."

मी अजून आमेन म्हटलं नव्हतं, म्हणजे प्रार्थना चालूच होती. आणि त्या चालू प्रार्थनेत सासूबाई बोलल्या. ज्यांनी तो नियम केला, एवढ्या वर्षांत चर्चमध्येसुद्धा कधी मोडला नाही, त्या.

"मंग इतके दिवस तोंडाले कुलूप होतं का वं तुह्या?"

मी डोळे न उघडता म्हटलं, "आई, प्रार्थना सुरू हाये. मधात बोलाचं नसते."

"चुलीत गेला नियम."

मुलगी फिसकन हसली. बाहेर पायरीवरून "हे बराबर झालं" असं ऐकू आलं. मी कसंबसं आमेन म्हटलं. नवऱ्याची पाळी होती. दिवस, काम, भाकर, लाईट, यातलं काही त्याला आठवलं नाही. तो म्हणाला, "प्रभू, हिनं सांगितलं तेच माहंही," आणि नाक ओढलं.

तेवढ्यात मोबाईलमधून दिरांचा आवाज सुरू झाला. तिकडे मधलं काही पोचलंच नव्हतं. "हे प्रभू, आईचा उद्याचा प्रवास सुखाचा कर, ड्रायव्हरला सांभाळ, आईला खिडकीची जागा..." आम्ही सगळे आता मोकाट हसत सुटलो होतो. नवऱ्याने मोबाईल उचलला आणि म्हणाला, "थांब गा, ड्रायव्हरले सोड. इकडं सारं उलटं झालं." मग त्याने भावाला सगळं सांगितलं, मी काय मागितलं ते, आईने नियम मोडला ते.

पलीकडून काही येईना. नवऱ्याने मोबाईल हलवला.

"नेटवर्क आहे, दादा," दीर म्हणाले. "मी विचार करून राह्यलो." ते पुण्याला गेल्यापासून आमच्याशी पुणेरीच बोलतात, पण तेव्हा त्यांची बोली आपोआप इकडची झाली. "मीही माही इच्छा सांगू का? मले आई इथं पाह्यजे होती. घर मोठं झालं, आन् मले कोनी रागवनारं नाई इथं."

सासूबाईंनी माझ्या नवऱ्याच्या हातातून मोबाईल घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि म्हणाल्या, "येईन ना राजा. नाताय झाला की येतो, महिनाभर राह्यतो, चांगली रागावतो तुले. पन पाहुनी म्हनून येतो. समजलं? आन् धाकट्या सुनेले सांग, मी येऊन तवा पाह्यतो." तिकडे दीरही हसले. मग सासूबाईंनी मोबाईल डब्याला टेकवला, पदर डोक्यावर सारखा केला आणि डोळे मिटले. त्यांची पाळी राहिली होती.

आम्हीही डोळे मिटले. मी वाट बघत होते, आता येईल दयाळू स्वर्गीय पित्या, येईल उपकारस्तवन. मग त्यांचा आवाज आला. तो मेट्रनचा आवाज नव्हता. मी तो आधी कधीच ऐकला नव्हता.

"बापा, मले वाटलं, हे मले पाठवून राह्यले. म्हनून मी कोनाले इचारलं नाई. मी राहू का म्हनून इचारलं असतं, आन् कोनी कायच बोललं नसतं, तं मी मंग कुठं पाह्यलं असतं? लय भेली होती मी." त्यांनी श्वास घेतला. "येवढंच. येशूच्या नावानं मांगतो. आमेन."

आमच्यापैकी कुणालाच आमेन म्हणता आलं नाही. मी त्यांचा हात धरला होता, कधी धरला ते मला माहीत नाही. माझे डोळे मिटलेलेच होते आणि पापण्यांतून पाणी चाललं होतं. शेजारी नवरा हुंदका गिळत होता, मुलगी माझ्या खांद्याला बिलगली होती. सासूबाईंनी माझा हात झटकला नाही, उलट दाबला.

"म्हना ना वं आमेन," त्या म्हणाल्या. "देव कवाचा थांबून राह्यला."